पेंढ्यावरच्या गुरांना पूरक आहार : आधी कोठीपोटातल्या जिवाणूंचे पाहा



भिवंडी तालुक्यात भाताची झोडणी आटोपली, की प्रत्येक खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी उभी राहते. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडच्या गावांत त्याच सुमारास माळावरचे गवतही कापून होते. एवढी वैरण पाहून वाटते, की गुरांची पावसापर्यंतची सोय झाली. प्रत्यक्षात मात्र मार्च उजाडेपर्यंत गुरांच्या बरगड्या मोजता येतात, पुठ्ठ्याची हाडे वर येतात, दुभती गाय आटते आणि व्यालेली गाय वर्ष उलटले तरी माजावर येत नाही. जेथे अजून बैलाने चिखलणी होते तेथे मृगाच्या तोंडावर बैल उभ्या उभ्या धापा टाकतो. गव्हाण तर भरलेली असते. मग जनावर वाळते का?

याचे उत्तर असे, की आपण जनावराचे पोट भरतो, पण त्या पोटात जे राबतात त्यांना उपाशी ठेवतो.

कोठीपोटात काय घडते

गाय पेंढा खाते हे खरे, पण तो पचवणारी गाय नव्हे. पेंढ्यातील काष्ठमय तंतू तोडणारा पाचक रस कोणत्याच जनावराच्या अंगात तयार होत नाही. ते काम गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात राहणारे कोट्यवधी जिवाणू करतात. ते तंतू आंबवतात. त्यातून जी आम्ले तयार होतात तीच गाईची ऊर्जा. जिवाणूंची स्वतःची वाढही चालू असते. पोटात पुढे सरकलेले जिवाणू चौथ्या पोटात व आतड्यात पचतात आणि गाईला प्रथिने मिळतात. म्हणजे गाय खाते पेंढा, पण जगते जिवाणूंवर.

आता या जिवाणूंना वाढायला नत्र लागते, स्फुरद, गंधक आणि इतर क्षार लागतात. एकूण खाण्यात कच्च्या प्रथिनांचे प्रमाण ७ ते ८ टक्क्यांच्या खाली गेले, की जिवाणूंची संख्या घटते. संख्या घटली की तंतू तुटायला वेळ लागतो. पेंढा कोठीपोटात दिवसेंदिवस पडून राहतो, पोट फुगलेले दिसते आणि जनावर पुढचे खातच नाही. ‘खातंय कुठं, नुसतं चघळतंय’ असे आपण म्हणतो ते हेच. पोट मोठे आणि अंग बारीक, हे उन्हाळ्यातल्या गावठी गुराचे चित्र आजारातून आलेले नसते, उपासमारीतून आलेले असते.

भाताच्या पेंढ्यात कच्ची प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात आणि त्यातली पचणारी म्हणाल तर जवळजवळ शून्य. शिवाय पेंढ्यात सिलिका भरपूर असते. ती काचेसारखी तंतूंना चिकटून जिवाणूंची वाट अडवते. ऑक्झलेट नावाचे आम्लही असते, ते कॅल्शियम धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. ज्वारीच्या कडब्यात पानाला किंमत असते, खोड कमी प्रतीचे. भाताचे उलट आहे. पानात सिलिका जास्त असल्याने भाताचे खोड पानापेक्षा अधिक पचते. म्हणून पानाळ, भरघोस दिसणारा पेंढा चांगलाच असेल असे धरून चालू नये.

डोंगरी गवताचेही फारसे निराळे नाही. आपल्या माळांवर पवना, कुसळी, थोडे मारवेल असते. फुलोऱ्यात असताना या गवतात ५ ते ६ टक्के प्रथिने असतात. बी गळून गवत पिवळे पडले की तीच ३ टक्क्यांच्या आसपास येतात. आपल्याकडे गवत कापायचे ते भात कापून, बांधून, झोडून झाल्यावर. तोवर कुसळ्याची कुसळे गुरांच्या तोंडात टोचण्याइतकी पक्व झालेली असतात. मजुरांची अडचण आम्हांस माहीत आहे. नवरात्रात भात सोडून गवत कापायला कोणी येणार नाही आणि परतीच्या पावसाने ओले झालेले गवत कुजेल ही भीतीही खोटी नाही. तरीपण घरच्या दुभत्या गाईपुरते, चार-सहा भारे का होईना, गवत फुलोऱ्यात कापून वाळवून वेगळे ठेवावे. ते विकायच्या गवतात मिसळू नये.

तूट किती, हे आधी मोजा

आपल्या कोकणातील लहान बांध्याची गाय घ्या. या गुरांना ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली. अशा गाईचे वजन साधारण २५० किलो धरू. ती दिवसाला ५ किलो पेंढा खाते. त्यातून तिला १७५ ग्रॅम कच्ची प्रथिने मिळतात. जिवाणूंचे काम नीट चालण्यासाठी याच ५ किलोत निदान ३७५ ग्रॅम हवीत. म्हणजे रोजची तूट झाली २०० ग्रॅमची.

हा २०० चा आकडा लक्षात ठेवावा. सगळा पूरक आहार ही तूट भरून काढण्यासाठी आहे. ती भरण्याचे अनेक मार्ग आहेत. एक किलो सरकीची पेंड दिली तरी ती भरते. गिरीपुष्पाचा ४ ते ५ किलो ओला पाला दिला तरी भरते. आणि केवळ ७० ग्रॅम युरियातही तेवढेच नत्र असते, कारण युरियात ४६ टक्के नत्र असून जिवाणू त्यापासून स्वतःची प्रथिने बनवू शकतात. तिन्हींचा खर्च आपणच आपल्या बाजारभावाने मांडून पाहा.

पण तिन्ही सारखे नव्हेत. युरियातून फक्त जिवाणूंना नत्र मिळते. पेंडीतल्या प्रथिनांचा काही भाग कोठीपोटात न फुटता सरळ आतड्यात जातो आणि गाईच्या थेट उपयोगी पडतो. दूध वाढते ते त्याने. पाल्यातून नत्राबरोबर कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व मिळते, जे पेंढ्यात औषधालाही नसते. डोळ्यांतून पाणी गळणारी, अंधारात ठेचकाळणारी वासरे पाहिली, की गाभणपणी त्यांच्या आईला हिरवा घास मिळाला नव्हता अशी शंका घ्यावी.

हे जिवाणूंना आधी खाऊ घालण्याचे तत्त्व गरम देशांतील निकस चाऱ्यासाठी स्पष्ट शब्दांत मांडले ते टी. आर. प्रेस्टन आणि ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठाचे आर. ए. लेंग यांनी. १९८७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचा सारांश असा, की युरोपातील हिरव्या कुरणांवरचे तक्ते आपल्या गोठ्यात आणू नयेत. हाताशी जो निकस चारा आहे तोच पाया धरावा आणि त्यात नेमके जे कमी आहे तेवढेच घालावे. आपल्या देशात आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० च्या दशकात याच विचाराने युरिया-मळीची चाटण वीट तयार केली.

पहिला मान पाल्याला

भिवंडी भागात आम्ही पूरक आहाराची सुरुवात युरियाने करा असे सांगणार नाही. सुरुवात बांधावरून करावी.

गिरीपुष्प हे झाड कोकणात हिरवळीच्या खतासाठी म्हणून बांधांवर लावले गेले. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे छाट खोचले तरी ते जगते. भटकी गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचे काम होते. गुरे तोंड लावत नाहीत म्हणजे पाला निरुपयोगी, असा मात्र बऱ्याच जणांचा समज झाला आहे. त्याला उग्र वास असतो, एवढेच. आदल्या दिवशी तोडून रात्रभर सुकवलेला पाला, वर मिठाचे पाणी शिंपडून, पेंढ्यात मूठ-मूठ मिसळत गेले तर आठ-दहा दिवसांत गुरे चवीने खातात. सवय होईपर्यंत धीर धरावा लागतो आणि पहिल्या दोन दिवसांत गव्हाणीत पाला तसाच राहिला म्हणून फेकून देण्याची घाई नडते. हिवाळ्याच्या अखेरीस झाड फुलोऱ्यात येताना पाने झडतात, म्हणून निम्मी झाडे नोव्हेंबरात छाटून ठेवावीत. छाटलेली झाडे फुलत नाहीत, पाला धरून राहतात.

सुबाभूळ ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा अधिक देऊ नये. तिच्यात मायमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. अति दिल्यास केस झडतात, गलगंड होतो. रानातल्या झाडांपैकी धामण, उंबर, पांगारा यांचा पाला गुरे आवडीने खातात हे आपल्याला ठाऊकच आहे. शेवग्याचा पालाही वाया घालवू नये.

आणखी एक वस्तू आपल्या खळ्यावरच पडून असते. भाताच्या मागून ओलीवर वाल, हरभरा, बांधावर तूर घेण्याची ठाणे जिल्ह्याची जुनी रीत आहे. वालाचा वाळलेला पाला आणि शेंगांची टरफले यांत पेंढ्याच्या अडीच-तीन पट प्रथिने असतात. ५ किलो पेंढ्यातला २ किलो कमी करून तेथे २ किलो वालाचा पाला घातला, तर २०० ग्रॅमच्या तुटीतली निम्म्याहून अधिक तूट फुकटात भरते. आणि आपण करतो काय? मार्चमध्ये राब भाजताना शेण, पातेरा यांच्याबरोबर तेही राबात जाते. राब भाजू नये असे सांगण्याचा हा लेख नाही, पण वालाचा पाला तेवढा बाजूला काढून ठेवा. नागली-वरी करणाऱ्यांनी नागलीचा पेंढाही भाताच्या पेंढ्यात मिसळून टाकू नये. तो अधिक पचतो, त्यात कॅल्शियमही जास्त असते. तो गाभण गाईला राखावा.

युरिया : उपयोग आणि जोखीम

युरियाने दोन कामे होतात. एक, पेंढ्यावर मुरवून त्याचा कठीणपणा कमी करता येतो. दुसरे, थोड्या प्रमाणात शिंपडून जिवाणूंना नत्र देता येते. दोन्हींत गल्लत करू नये.

मुरवण्याची रीत अशी. उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा घ्यावी. १०० किलो वाळलेल्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून त्यावर पेंढ्याचा वीतभर थर द्यावा, झारीने पाणी सारखे शिंपडावे, पायाने घट्ट तुडवावे आणि मग पुढचा थर. ढीग जितका घट्ट तितका चांगला, कारण आत हवा राहिली तर बुरशी येते. शेवटी सर्व बाजूंनी कागद लपेटून कडांवर माती किंवा वाळूच्या गोण्या ठेवाव्यात. युरियापासून अमोनिया वायू तयार होतो, तो आत कोंडला तरच काम होते. तीन आठवड्यांनी एका बाजूने उघडावे. पेंढा तपकिरी-पिवळा, मऊ झालेला आणि नाकात झोंबणाऱ्या वासाचा हवा. कुबट वास आला, काळे-पांढरे ठिपके दिसले तर तो भाग खतात टाकावा. दिवसाला लागेल तेवढाच पेंढा काढून तासभर पसरावा, वास गेल्यावर गव्हाणीत घालावा. पहिला आठवडा निम्मा साधा, निम्मा मुरवलेला द्यावा. असा पेंढा जनावर अधिक खाते आणि त्यातील प्रथिने ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात.

आता खरे सांगायचे तर ही पद्धत गेली चाळीस वर्षे प्रत्येक मेळाव्यात दाखवली गेली, टाळ्या पडल्या आणि गावात परतल्यावर फारच थोड्यांनी ती चालू ठेवली. दोष शेतकऱ्याचा नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९५ मध्ये पेंढा खाऊ घालण्याच्या पद्धतींवर जी हस्तपुस्तिका काढली, तिच्यामागच्या भारत-डच प्रकल्पातही हेच ध्यानात आले होते : जेथे पेंढा मुबलक व स्वस्त, पाणी हाताशी, हिरवा चारा नाही आणि दुधाला गिऱ्हाईक आहे, तेथेच ही मेहनत परवडते. भाकड गाय व दोन बैल असलेल्याने तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. भिवंडीत दुधाला गिऱ्हाईक आहे, पेंढाही आहे, अडचण पाण्याची. एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्यावर ५० लिटर पाणी पेंढ्यावर ओतायला कोणी तयार होणार नाही. म्हणून करायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत, विहिरीत पाणी असताना करून ठेवावे. नीट झाकलेला ढीग उन्हाळाभर टिकतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

शिंपडण्याची रीत सोपी, पण तिच्यात धोका अधिक. एका जनावराच्या ५ किलो पेंढ्यासाठी जास्तीत जास्त ५० ग्रॅम युरिया, पाव किलो हलक्या प्रतीचा गूळ आणि ३० ग्रॅम मीठ दीड-दोन लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून कुट्टीवर सारखे शिंपडावे आणि लगेच मिसळावे. तुटीच्या हिशेबाने ७० ग्रॅम येतात, तरी ५० वर थांबावे. उरलेली तूट पाल्याने वा पेंडीने भरावी. सुरुवात १० ग्रॅमपासून करून तीन आठवड्यांत वर न्यावे. मध्ये दोन-चार दिवस खंड पडला तर पुन्हा १० पासून सुरुवात करावी, कारण जिवाणूंची सवय मोडते. कोकणात साखर कारखाने नाहीत आणि मळीच्या खरेदीला राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम लागू आहेत, म्हणून येथे गूळ सांगितला आहे. गुळाशिवाय युरिया देऊ नये. जिवाणूंना नत्र पकडण्यासाठी त्याच वेळी झटपट ऊर्जा लागते.

पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाला, गोठ्यात काम करणाऱ्या गड्यालाही सांगून ठेवाव्यात. सहा महिन्यांच्या आतील वासराला युरिया वर्ज्य, कारण त्याचे कोठीपोट तयार झालेले नसते. उपाशी जनावराला वर्ज्य, आजाऱ्याला वर्ज्य. पिण्याच्या पाण्यात कधीही घालू नये. युरियाचे पाणी उरलेली बादली गोठ्यात ठेवू नये. बहुतेक अपघात त्या बादलीनेच होतात. कच्च्या सोयाबीनबरोबर देऊ नये.

जास्त युरिया पोटात गेला, तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात जनावर अस्वस्थ होते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, पोट फुगते, चालताना झोकांड्या जातात. डॉक्टर येईपर्यंत थांबण्याइतका वेळ पुष्कळदा नसतो. डॉक्टरांना निरोप पाठवून ते फोनवर सांगतील त्याप्रमाणे लगेच व्हिनेगर, म्हणजे शिरका, २ लिटर तेवढ्याच पाण्यात मिसळून सावकाश पाजावे आणि मग भरपूर थंड पाणी पाजावे. जनावर आडवे पडले असेल वा गिळत नसेल तर तोंडाने काही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. युरिया वापरणाराच्या घरी व्हिनेगरच्या बाटल्या असाव्यात. त्या आणून ठेवणार नसाल तर युरियाही आणू नये.

आणखी एक. २०१५ पासून शेतीसाठी मिळणारा सर्व युरिया कडुनिंबाचे तेल लावलेला असतो आणि तो पिकांसाठी म्हणून सरकारी सवलतीत मिळतो. तो जनावरांच्या आहारात वापरू नये. पशुखाद्याच्या प्रतीचा युरिया कोठे मिळेल ते पशुवैद्यकीय दवाखान्यात वा दूध संस्थेत विचारावे.

हे सगळे जड वाटत असेल तर तयार चाटण वीट घ्यावी. तिच्यात युरिया, मळी, मीठ आणि क्षार घट्ट बांधलेले असतात. जनावर हळूहळू चाटते, एकदम खात नाही, म्हणून ती अधिक सुरक्षित. ३ किलोची वीट एका जनावराला आठवडा ते दहा दिवस पुरते. ती फोडून, भिजवून घालू नये. पेंढा खाऊन झाल्यावर, संध्याकाळी चरून आल्यावर पुढे ठेवावी. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत ती पाघळते, तेव्हा वापर नोव्हेंबर ते मे एवढाच ठेवावा.

पेंड, कोंडा आणि क्षार

पेंड विकत आणायची असते, म्हणून ती शेवटी. आधी पाला व क्षार देऊन जिवाणूंचे काम सुरू करावे, मग पेंडीचा प्रत्येक रुपया दुधात दिसतो. उपाशी कोठीपोटावर पेंड घातली तर तिची प्रथिने जिवाणूच नत्रासाठी फोडून खातात. युरियाने जे काम अल्प खर्चात झाले असते ते आपण पेंडीकडून करून घेतो.

२५० किलोच्या गाईला देहधारणेसाठीच १७० ग्रॅमच्या आसपास पचनीय प्रथिने लागतात आणि दर लिटर दुधामागे आणखी ५० ग्रॅम. एक किलो सरकी पेंडीतून सुमारे १७० ग्रॅम मिळतात. यावरून ३ लिटर दूध देणाऱ्या गाईला काय लागेल याचा अंदाज येईल. पाला चालू असेल तर तिला १ किलो पेंड आणि १ किलो भाताचा कोंडा पुरेसा होतो. कोंडा आपल्या गिरणीतच मिळतो. त्यात तेल व स्फुरद भरपूर, कॅल्शियम मात्र फार कमी. जुना कोंडा खवट होतो, म्हणून पंधरा दिवसांपुरताच आणावा. खोबऱ्याची पेंडही चांगली. भुईमुगाच्या पेंडीला दमट हवेत बुरशी लवकर लागते आणि तिच्यातले विष यकृत खराब करते, दुधातही उतरते. बुरशीची पेंड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

बुरशीवरून आठवले. उडवीच्या तळाचा भिजलेला, काळपट पेंढा सतत खाल्लेल्या गुरांच्या, विशेषतः म्हशींच्या शेपटीचे टोक, कानांच्या कडा आणि खुरांजवळची कातडी सुकून झडते. हा देगनाला नावाचा विकार. जखमेवर मलम लावून तो थांबत नाही, पेंढा बदलावा लागतो. उडवी दगडांच्या किंवा लाकडांच्या माचावर रचावी, जमिनीवर नको.

क्षार मिश्रण मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. ही बाब इतकी लहान दिसते, की तीच राहून जाते. पेंढ्यात व सुकलेल्या डोंगरी गवतात स्फुरद अत्यंत कमी असते. स्फुरदाची भूक लागलेले जनावर हाडे, माती, चिंध्या, सुतळ्या चघळू लागते. भिवंडीसारख्या मागांच्या आणि गोदामांच्या गावाभोवती चिंध्या, सूत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तोटा नाही. पोटात गेलेली पिशवी बाहेर येत नाही. कोठीपोटाची जागा ती अडवून बसते आणि मग कितीही सकस घातले तरी अंगी लागत नाही. गुरे उकिरड्यावर तोंड घालू लागली, की त्यांना काठीने हाकलण्याबरोबर क्षार मिश्रणही चालू करा. क्षारांच्या कमतरतेनेच गाई वेळेवर माजावर येत नाहीत, आणि आपण मात्र रेतन फुकट गेले म्हणून डॉक्टरांना दोष देतो.

लग्नसराईत उरलेला भात घमेल्याने गाईपुढे ओतणे हा पूरक आहार नव्हे. त्याने कोठीपोट आंबते आणि जनावर दगावू शकते.

कोणाला आधी द्यायचे

सर्वांना थोडे थोडे वाटण्याची आपली सवय असते. ती माणसांत चांगली, गोठ्यात महाग पडते. समजा आपल्याकडे दोन बैल, एक दुभती गाय, एक सात-आठ महिन्यांची गाभण गाय, एक भाकड गाय आणि दोन कालवडी आहेत आणि पेंड आणायला पैसे मोजकेच आहेत. पहिला हक्क गाभण गाईचा. विण्याआधीच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत तिच्या अंगावर जे चढेल त्यावर पुढचे दूध, वासराचे वजन आणि पुढचा माज अवलंबून असतो. व्यायल्यावर दिलेल्या पेंडीने ती कसर भरून निघत नाही. दुसरी दुभती गाय. बैलांची पेंड एप्रिलच्या मध्यापासून चिखलणी संपेपर्यंत. वर्षभर त्यांना पाला आणि क्षार पुरेत. कालवडींना पाला आधी, कारण त्या जितक्या लवकर वाढतील तितक्या लवकर गाभण जातील. भाकड गाईला पेंढा, क्षार आणि थोडा पाला.

गुरे डोंगरावर चरायला जात असतील तर पूरक आहार संध्याकाळी परतल्यावर द्यावा. सकाळी पेंड खाऊन गेलेले जनावर सावलीत बसून राहते, चरत नाही. मार्चनंतर सुकलेल्या माळावर दिवसभर चालून जनावर जेवढे मिळवते त्यातले बरेचसे चालण्यातच घालवते. तेव्हा पहाटे व उतरत्या उन्हात चरू द्यावे, दुपारी पाण्याजवळ सावलीत बांधावे. सुका चारा खाणाऱ्या गाईला उन्हाळ्यात रोज ३० ते ४० लिटर पाणी लागते. पाणी निम्मे मिळाले तर पेंढाही ती कमी खाते, आणि युरिया चालू असेल तर पाण्याची टंचाई धोक्याचीच.

शेवटी गवताच्या व्यवहाराविषयी. ठाणे जिल्ह्यातले गवत दाबून, गासड्या बांधून मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवण्याचा धंदा जुना आहे. घरची वैरण विकू नये असे पूर्वीचे लोक सांगत. आमचे मत थोडे निराळे आहे. बी गळलेले गवत पाच भुकेल्या गुरांना घालून पाचही अर्धमेली ठेवण्यापेक्षा त्यातला काही भाग डिसेंबरात विकून त्या पैशांची सरकी पेंड, क्षार मिश्रण व गुळाची ढेप भरून ठेवणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. किती विकायचे याचा हिशेब गोठ्यापासून करा. जूनअखेरपर्यंत दर जनावरी रोज ५ किलो धरून वैरण बाजूला काढा. त्यात दहावा हिस्सा नासाडीचा मिळवा. उरेल ते विका. हिशेबात वैरण अपुरी पडत असेल, तर भाकड राहिलेले जनावर पेंढ्याचे भाव चढण्याआधी, दिवाळीनंतर लगेच, कोणाकडे तरी पाळायला द्यावे. मे महिन्यात त्याला घ्यायला कोणी येत नाही.

या वर्षी उडवी रचताना एवढे करून पाहा : फुलोऱ्यातले गवत, वालाचा पाला आणि नागलीचा पेंढा यांचा वेगळा ढीग गाभण गाईच्या नावाने ठेवा, आणि नोव्हेंबरात बांधावरची निम्मी गिरीपुष्पे छाटा. गाईच्या छातीचा घेर सुतळीने मोजून गाठ मारून ठेवा आणि दर महिन्याला त्याच जागी, सकाळी पाणी पाजण्यापूर्वी पुन्हा मोजा. मार्चमध्ये सुतळी सैल पडू लागली, तर पेंडीचे प्रमाण त्याच आठवड्यात वाढवावे, गाय आटण्याची वाट पाहू नये.